दोन वीसचा भोंगा

"चाळीस खुर्च्या पुरतील का गं?" पुंजारामने विचारलं.

"वीसच सांगा," नर्मदा म्हणाली. "रिकाम्या खुर्च्या फोटोत फार वाईट दिसतात."

सत्तावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला धीर कसा द्यावा हे नर्मदेला पुरतं कळलं होतं. ती तो देत नसे, एवढंच. तिने डब्यातली बटाट्याची भाजी त्याच्या पोळीवर घातली आणि समोरच्या स्टेजकडे एकदा बघून घेतलं. बोईसरजवळच्या सरावलीत कंपनीच्या भिंतीला लागून जे मोकळं मैदान आहे, तिथे लोखंडी पाइपांवर फळ्या टाकून स्टेज उभं राहिलं होतं. मागे फलक होता: 'साप्ताहिक सुट्टी – पुंजाराम यांचा पहिला सोलो अल्बम व जाहीर मैफल.' कार्यक्रम उद्या, म्हणजे शुक्रवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी. आज गुरुवार. पुंजारामने अर्धी रजा टाकली होती, कारण आज दुपारी आवाज तपासायचा होता.

आता हा पुंजाराम कोण, ते सांगायला हवं. कारण कंपनीतल्या लोकांनासुद्धा ते धड माहीत नव्हतं. कंपनीच्या लेखी तो मेंटेनन्सचा फिटर, वय वर्षं चोपन्न, निफाडकडचा, एकोणतीस वर्षं नोकरी. पंप, व्हॉल्व्ह आणि छपरावरचा भोंगा, एवढं त्याच्या ताब्यात. "गिटार वाजवतो म्हणे," एवढी कुणकुण होती. त्यातून झालं एवढंच, की दरवर्षी लग्नसराईत कोणी ना कोणी येऊन विचारी, "पुंजाराम, हळदीला वाजवशील का रे?"

पण बोईसरच्या बाहेर पुंजाराम म्हणजे 'तिसरी पाळी' या बँडचा बेस गिटारवाला. चार कामगारांचा रॉक बँड. रात्रपाळी सुटली की तालीम करायचे, म्हणून नाव तिसरी पाळी. बावीस वर्षं त्यांनी मुंबईचे क्लब आणि पुण्याची कॉलेजं दणाणून सोडली. काळ्या टी-शर्टातली पोरं मान तुटेस्तोवर हलवायची. मात्र बेस गिटार वाजवणाऱ्याकडे कोण बघतं? बँडच्या बावीस वर्षांच्या फोटोंत पुंजारामचा बहुतेक कोपर तेवढा आलेला आहे. पुढे ड्रमवाला कॅनडाला गेला, लीड गिटारवाला गावी परतला, गाणाऱ्याने वसईला मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं आणि पुंजाराम एकटा उरला. डोक्यात अकरा गाणी होती. तीन वर्षांच्या शुक्रवारांत, दहा बाय बाराच्या खोलीत खिडकीला गादी लावून, शेजारणीच्या कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये जेवढा वेळ मिळेल तेवढ्या वेळात त्याने ती रेकॉर्ड केली.

लेक वैभवी हिने अल्बम नेटवर टाकला. "पप्पा, तुम्ही आता इंडी आर्टिस्ट आहात," ती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे पाठीशी कुठलीच कंपनी नाही."

"नाही कशी? एकोणतीस वर्षं आहे की!"

अल्बमचं कौतुक झालं. कोणी लिहिलं, ज्येष्ठ संगीतकाराचं दमदार पुनरागमन. फिनलंडचा एक माणूस तर रोज सकाळी न चुकता एक लाल हृदय पाठवायचा. पुंजारामला त्याचं अप्रूप होतं, नाही असं नाही. पण फिनलंडच्या हृदयाने सरावलीतल्या माणसाचं पोट भरतं का? ज्यांच्यासोबत एकोणतीस वर्षं चहा प्यायला, ज्यांच्याबद्दल ही गाणी लिहिली, त्यातल्या एकानेही ती ऐकली नव्हती. खुद्द नर्मदेनेही नाही. ती खोलीतच असायची, पण कानात कापूस घालून तांदूळ निवडायची. आपल्या माणसांनी एकदा, फक्त एकदा समोर बसून ऐकावं, एवढाच त्याचा हट्ट होता. त्यासाठी त्याने एचआरच्या दिग्विजय साहेबांच्या केबिनमध्ये सात खेपा घालून हे मैदान मागून घेतलं होतं.

"काका, लावू का?" स्टेजखालून दामूने आवाज दिला.

दामू जवळच्या दांडी गावचा. त्याची साउंड सिस्टिम म्हणजे किनाऱ्यावरच्या यच्चयावत कोळीवाड्यांतल्या हळदीची शान. सोळा मोठे बॉक्स, वर चार कर्णे.

"लाव. पण हळू हं दामू. आत कंपनी चालू आहे."

"एकदम हळू काका. आमी हळदीला लावतो ना, त्याच्या निम्मा बी नाय. कोनाला कलनार बी नाय."

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दामूच्या हळदीचा आवाज दांडीच्या किनाऱ्यावरून समुद्रातल्या होड्यांना ऐकू जातो. त्याच्या निम्मा आवाज म्हणजे किती, याचं गणित पुंजारामने केलं नाही. तो गिटार गळ्यात अडकवून, कानांवर हेडफोन चढवून स्टेजवर उभा राहिला आणि त्याने अंगठा दाखवला. वैभवीने लॅपटॉपवर अल्बमचं पहिलं गाणं सुरू केलं.

पहिल्या गाण्याचं नाव 'पाळी बदल'. आणि ते गाणं गिटारने सुरू होत नव्हतं. ते सुरू होत होतं कंपनीच्या भोंग्याने.

हा भोंगा पुंजारामने स्वतः, टॉवेलात गुंडाळलेला माइक गच्चीवर ठेवून टिपला होता. मग महिनाभर खपून त्यातली कावळ्यांची कावकाव काढली, घरघर काढली आणि खाली थोडा बेस भरला. छपरावरचा खरा भोंगा अलीकडे घसा बसल्यासारखा वाजायचा. हा मात्र अस्सल, नव्वद सालातल्यासारखा, भरदार भोंगा होता. तो सोळा बॉक्स आणि चार कर्ण्यांतून, कंपनीच्या दिशेला तोंड करून, अकरा सेकंद वाजला.

तेव्हा दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. पहिली पाळी सुटते तीनला.

आता कोणी म्हणेल, लोकांना घड्याळं नसतात का? नसतात. औषधाच्या बाटल्या भरायची कंपनी. आत जाताना मोबाइल, घड्याळ, अंगठी, सगळं लॉकरमध्ये. पॅकिंगच्या भिंतीवर एक घड्याळ होतं, पण त्याचा सेल दिवाळीपासून संपलेला. भोंगा असताना सेल कोण बदलतं? गेटवरच्या वॉचमनच्या मनगटावर घड्याळ होतं आणि त्यात दोन वीस वाजले होते. त्याने एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा आभाळाकडे. मग म्हणाला, "भोंगा झूठ थोडी बोलेगा," आणि घड्याळाचे काटे तीनवर आणून गेट उघडलं.

स्टेजवर पुंजारामने डोळे मिटले होते. गिटारचे पहिले चार ठोके वाजवून त्याने डोळे उघडले, तर कंपनीच्या गेटातून माणसांचा लोंढा बाहेर पडत होता. पन्नास, शंभर, दोनशे! त्याचा हात तारांवरच थांबला. पहिल्या चार ठोक्यांत माणसं कामं सोडून धावत आली? बावीस वर्षांत मुंबईला असं कधी झालं नव्हतं. त्याने हेडफोन काढला, माइक पुढे ओढला आणि म्हणाला, "मित्रांनो, मी आपला फार फार आभारी आहे."

"अहो," खालून नर्मदा म्हणाली, "त्यांच्या हातात डबे आहेत."

पुंजारामने डब्यांकडे पाहिलं. डब्यांवरून नजर गेटाकडे गेली, गेटावरून छपरावरच्या भोंग्याकडे, भोंग्यावरून दामूच्या कर्ण्यांकडे.

"दामू! बंद कर! बंद कर रे बाबा!"

"काका, अजून हळू? मंग वाजतंय कशाला?"

पण आता बंद करून उपयोग नव्हता. गेटाबाहेर बसमध्ये झोपलेले ड्रायव्हर भोंग्यासरशी डोळे चोळत उठले आणि भरतील तेवढी माणसं घेऊन बोईसर स्टेशनकडे निघूनही गेले. शेजारी बाटल्यांची झाकणं करणारी एक कंपनी होती. तिला स्वतःचा भोंगाच नव्हता; ती पहिल्यापासून याच भोंग्यावर उठायची आणि याच भोंग्यावर बसायची. तिचंही गेट उघडलं. इकडे सरावलीच्या खोल्यांत दुसऱ्या पाळीच्या माणसांची तर दाणादाण उडाली. 'मेलो! तीन वाजले!' म्हणत कोणी शर्टाची बटणं लावत धावलं, कोणी ओल्या केसांनी. एकजण अर्ध्या गालाला साबणाचा फेस घेऊन गेटावर पोचला. दामूची आत्या ठकी रोज तीनच्या भोंग्याला मासळीची पाटी घेऊन गेटाशी बसायची. ती रिक्षातून उतरता उतरताच ओरडली, "बावीस वर्सांत पैल्यांदा उशीर झाला गो मना!"

पुंजाराम गिटार गळ्यात तशीच ठेवून गेटाकडे पळाला. "परत जा! तीन नाही वाजले! दोन वीसच झालेत!"

"काय म्हणतोस पुंजाराम?" लॉकरमधून आणलेला मोबाइल खिशातून काढत एकजण म्हणाला. मग त्याने मोबाइलमध्ये बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

"मग चला परत आत," कोणीतरी शहाण्यासारखं बोललं.

पण ते इतकं सोपं होतं तर काय हवं होतं! पहिल्या पाळीने पंच आउट केलेलं. एकदा पंच आउट झालं की परत आत यायला एचआरची चिठ्ठी लागते. चिठ्ठीवर सही दिग्विजय साहेबांची. आणि दिग्विजय साहेब गेले होते कोळगावला, जिल्हा कार्यालयात कुठलेसे कागद द्यायला. बरं, दुसरी पाळी तरी आत जावी? तर मशीन दुसऱ्या पाळीचा अंगठा पावणेतीनच्या आधी घेत नाही. लाल दिवा लावून 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणते. म्हणजे पहिल्या पाळीला आत जाता येईना, दुसऱ्या पाळीलाही जाता येईना. दोन्ही पाळ्या मिळून चारशे माणसं अगदी नियमानुसार रस्त्यावर, आणि आत मशीनं एकटीच.

पुंजाराम गेटाजवळच्या कट्ट्यावर मटकन बसला.

"पप्पा, पाणी प्या," वैभवी म्हणाली.

"साहेब आले की काय सांगू गं?"

"खरं ते सांगा."

"खरं काय? रॉक अँड रोल झाला म्हणून?"

साहेब पावणेतीनला आले. गाडीतून उतरून त्यांनी ती जत्रा पाहिली आणि त्यांचा चेहरा पार उतरला. चटाचट चिठ्ठ्या फाडल्या गेल्या. पावणेतीनला मशीननेही दुसऱ्या पाळीचा अंगठा घेतला. त्यामुळे झालं असं, की बसने गेलेले सोडून पहिली पाळी आणि दुसरी पाळी एकदमच आत शिरली. बुडालेली मिनिटं भरून काढायला पहिल्या पाळीची माणसं साडेतीनपर्यंत थांबली. एकेका मशीनवर दोन दोन माणसं. त्यात तीनला खरा भोंगा वाजला, तर कोणी जागचं हललं नाही. सगळ्यांना वाटलं, पुंजारामच वाजवतोय.

चार वाजता पुंजाराम केबिनमध्ये उभा होता. गिटार बाहेर वैभवीकडे.

"भोंग्याची देखभाल किती वर्षं तुमच्याकडे आहे?" दिग्विजय साहेबांनी विचारलं. साहेब कोल्हापूरकडचे, रागावले की आवाज वर नेत नसत, खाली आणत. आत्ता तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता.

"एकोणतीस वर्षं, साहेब."

"मग भोंगा किती वाजता वाजतो, याची साधारण कल्पना असेल तुम्हाला."

"साहेब, तो भोंगा नव्हता. गाण्यातला होता. म्हणजे भोंगाच, पण कलात्मक..."

"चारशे माणसं रस्त्यावर आली त्या कलेने. तीन बस निघून गेल्या. एक माणूस अर्धी दाढी करून कामावर आला. खुलासा लेखी द्या. आणि उद्याचा कार्यक्रम रद्द."

पुंजारामला खूप बोलायचं होतं. चोपन्न वर्षांचा झालोय साहेब, हे एकदाच होणार होतं, पुन्हा एवढं धाडस होणार नाही. पण तो फक्त "बरं साहेब" म्हणाला आणि बाहेर आला. घरी येऊन त्याने गिटार पेटीत घातली आणि पेटी कॉटखाली सारली. नर्मदेने ते बघितलं. चिडवायला याहून सोपी वेळ आली नसती, पण तिने नुसता चहा केला आणि दोन कप घेऊन त्याच्याजवळ बसली.

साताच्या सुमारास दार वाजलं. दारात पहिल्या पाळीतला भाग्येश उभा होता. लातूरकडचा पोरगा, पॅकिंगला होता. कडेवर चार वर्षांची स्वरा. पुंजारामला वाटलं, आला आता शिव्या द्यायला. त्याने आधीच हात जोडले. "भाग्येश, चूक झाली रे. तुझा पगार कापला तर मी साहेबांना..."

भाग्येश वाकला आणि त्याने चक्क पुंजारामच्या पायांना हात लावला.

"अरे अरे! हे काय?"

"बायकोनं, प्रतीक्षानं सांगितलंय काका. म्हणाली, मी ड्यूटीवर असेन, तुम्ही जाऊन पाया पडून या." भाग्येश संकोचून हसला. "काका, माझी पहिली पाळी, तिची दुसरी. पोरीला बघायला कुणी नाही ना घरी. मी गेटातून बाहेर येतो, ती आत जाते. पोरगी तिच्या कडेवरून माझ्या कडेवर येते, तेवढंच काय ते भेटणं. रात्री ती येते तेव्हा मी झोपलेलो असतो. शुक्रवारी मी मित्राची रिक्षा चालवतो. आज तुमचा भोंगा झाला, मी बाहेर, तीपण बाहेर. पंचवीस मिनिटं काका! आत बोलावल्यावर पोरीला ठकीमावशीकडं ठेवलं, पण तोवर टपरीवर बसून चहा प्यायलो आम्ही तिघं. चार महिन्यांनी. पहिली पाच मिनिटं तर काय बोलावं तेच सुचेना. मग ती रडली, मग हसली. गावाकडं घर बांधायचं का नाही, ते ठरवलं आज आम्ही."

नर्मदा पुढे झाली, स्वराच्या हातावर तिने रव्याचा लाडू ठेवला आणि म्हणाली, "बस बाबा. आत ये."

भाग्येश एकटा नव्हता. तासाभरात अजून दहा-बाराजण येऊन गेले. कोणाचा भावाशी दीड वर्ष अबोला होता, दोघं वेगळ्या पाळ्यांना. ते गेटावर समोरासमोर आले आणि बोलावंच लागलं. बसने गेलेल्यांपैकी कोणी निवांत बाजार केला, कोणी पोराला शाळेतून स्वतः आणलं. ठकी आली ती थेट पुंजारामची दृष्ट काढत कानशिलांवर बोटं मोडायलाच लागली. "रोज तीनला मानसं पलत सुटतात बाबा, बस पकडायला. आज निवांत उबी होती. पाटी रिकामी झाली माजी! देव तुला सुकी ठेवो."

"मावशी, उद्याचा कार्यक्रम मात्र रद्द झाला," पुंजाराम म्हणाला.

"कोन बोलला?"

"साहेब."

तेवढ्यात पुंजारामचा फोन वाजला. फोन साहेबांचाच होता.

झालं होतं ते असं. मुंबईला जायचा एक माल आठवडाभर रखडला होता. आज पावणेतीन ते साडेतीन दोन्ही पाळ्या एकदम आत होत्या. एका पाळीने मशीनचं दुखणं दुसरीला तोंडाने समजावून सांगितलं. एरवी ते चिठ्ठीवर लिहून ठेवत आणि चिठ्ठी हरवत असे. पाच वाजता माल तयार! मुंबईच्या मोठ्या साहेबांनी फोन करून विचारलं, "दिग्विजय, दोनों शिफ्ट एकसाथ रखने का आयडिया किसका था? बढिया!" आणि दिग्विजय साहेबांच्या तोंडून, आयुष्यात पहिल्यांदाच विचार न करता, निघून गेलं, "सर, आपल्याच टीमची." आता पुंजारामवर कारवाई करायची, तर ही आयडिया नव्हती हे कबूल करावं लागणार होतं.

"पुंजाराम," फोनवर साहेब अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "खुलासा देऊ नका. कुठेही काहीही लिहून देऊ नका. उद्याचा कार्यक्रम करा. पण दोन अटी. एक, तो भोंगा वाजणार नाही आणि एकूण आवाज अगदी कमी. दोन, साडेपाच ते साडेसात. साडेसातवर एक मिनिट झालं तरी मी स्वतः येऊन मेन स्विच बंद करीन. मी तिथेच बसलेला असेन."

नर्मदेने कॉटखालून पेटी ओढली.

शुक्रवारी पाच वाजता पुंजाराम मैदानात आला तेव्हा चाळीस खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या. बाकीचे चारशेजण पुठ्ठ्याचे खोके उलगडून त्यावर बसले होते. कपडे इस्त्रीचे, बायकांच्या केसांत गजरे. पहिल्या रांगेत दिग्विजय साहेब, मनगट गुडघ्यावर, नजर घड्याळावर. अकरा गाणी, दोन तास. बरोबर बसत होतं. त्याने गिटार गळ्यात घातली.

"एक मिनिट काका," म्हणत भाग्येश माइकजवळ आला. "गाणं सुरू व्हायच्या आधी पहिल्या पाळीतर्फे काकांचा छोटासा सत्कार."

शाल आली, श्रीफळ आलं. भाग्येश दोन शब्द बोलला. ते दोन शब्द बारा मिनिटं चालले. पहिल्या पाळीने केला म्हटल्यावर दुसरी पाळी कशी मागे राहील? दुसरी शाल आली. मग झाकणांच्या कंपनीतले लोक उठले. मग रिक्षा स्टँड, बसचे ड्रायव्हर, टपरीवाले. अर्धी दाढीवाला स्वतः येऊन दोन्ही गाल दाखवून गेला. ठकीने वर्तमानपत्रात बांधलेली पापलेटची जोडी पुंजारामच्या हातात ठेवली आणि फोटो काढल्याशिवाय ती खाली उतरेना. शेवटी तिसऱ्या पाळीचे लोक हार घेऊन आले.

"पण तुम्हाला तर काहीच मिळालं नाही काल," पुंजाराम गळ्यातल्या सहा शालींमधून म्हणाला.

"पुढच्या वेळी आमचाही विचार करा," ते म्हणाले.

नको कोणाला म्हणणार? एकेक माणूस मनापासून आलेला. बावीस वर्षांत पुंजारामच्या वाट्याला न आलेलं कौतुक एका संध्याकाळी एकदम आलं, आणि तेच त्याची मैफल खात बसलं. सत्कार संपले तेव्हा सात वाजून बावीस मिनिटं झाली होती.

"पप्पा, आठ मिनिटं," वैभवी खालून कुजबुजली. "एकच गाणं होईल. कुठलं?"

पुंजारामने समोर पाहिलं. पहिल्यांदाच शुक्रवारी रिक्षा न घेता आलेला भाग्येश. शेजारी प्रतीक्षा, दोघांच्या मध्ये स्वरा. त्याच्या पलीकडे नर्मदा. तिने कानात कापूस घातला नव्हता.

"पाळी बदल," तो म्हणाला.

भोंगा नव्हता. दामूने कधी नव्हे तो आवाज खरोखर कमी ठेवला होता. एवढा कमी, की शब्द न् शब्द ऐकू येत होता.

तुझी पाळी सुरू झाली, माझी पाळी सुटली,
लेक या खांद्यावरून त्या खांद्यावर निजली.
बोलायचं ते राहून गेलं, बोलू शुक्रवारी,
शुक्रवारी झोप आली दोघांनाही भारी.

वैभवी दोन वर्षांची असताना नर्मदाही याच कंपनीत पॅकिंगला होती. पुंजारामची पहिली पाळी, तिची दुसरी. पाच वर्षं त्यांनी लेक गेटावर एकमेकांच्या हाती दिली होती. 'बोलू शुक्रवारी' हे तिचेच शब्द होते, रोजचे.

गाणं संपलं. टाळी नाही, शिट्टी नाही. पुंजारामला वाटलं, फसलं. मुंबईला आत्तापर्यंत निदान आरडाओरडा तरी झाला असता. त्याने घाबरून नर्मदेकडे बघितलं. ती पदराने डोळे पुसत होती. प्रतीक्षाने स्वराला भाग्येशच्या मांडीवरून स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं, आणि मग कुठे मागून टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेचनात.

"अहो!" टाळ्यांतून नर्मदा ओरडली. "हे आपलं आहे?"

"हो!"

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही? मला वाटायचं नुसता गोंगाट करता!"

"बाकीची दहापण आपलीच आहेत!" पुंजाराम माइकमधून म्हणाला, आणि मग त्याला आठवलं. त्याने पहिल्या रांगेत पाहिलं.

दिग्विजय साहेब उभे राहिले होते. हळूहळू टाळ्या थांबल्या. साहेब मेन स्विचपाशी गेले, तिथे थांबून त्यांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं. मग त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. साडेसात वाजून वर एक मिनिट झालं होतं. मैदानातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तेच दिसत होतं.

"वॉचमन," साहेब म्हणाले, "किती वाजले?"

वॉचमनने आपल्या घड्याळाकडे बघितलं, मग साहेबांच्या डोळ्यांकडे बघितलं. "साब, जितने आप बोलो."

"माझं घड्याळ पुढे गेलेलं दिसतंय," साहेब म्हणाले. "पावणेसहा वाजलेत. अजून पुष्कळ वेळ आहे."

आणि ते परत जाऊन खुर्चीत बसले.

पुंजारामने शाली काढून नर्मदेच्या हातात दिल्या, पापलेटची जोडी वैभवीकडे सोपवली, गिटारचा सूर पुन्हा एकदा लावून घेतला आणि दुसरं गाणं सुरू केलं. त्या शुक्रवारी सरावलीत साडेसात वाजले ते सव्वानऊला.